‘पुढच्या आवृत्तीत येतंय’ एवढ्या शब्दावर सही करावी का?

वाचकाचा प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, आयटी सांभाळतात. विभाग म्हणजे त्या स्वतः आणि हाताखाली एक मुलगा. स्टोअर, खरेदी आणि डिस्पॅच ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर क्लाउडवरचं, वार्षिक वर्गणीचं. एका सोमवारी सकाळी डिस्पॅचच्या रिपोर्टमधला एक कॉलम गायब झाला आणि दुसऱ्याचं नाव बदललं. त्यावर बेतलेली एक्सेल शीट कोलमडली, ई-वे बिलं निघेनात, भरलेल्या गाड्या दुपारपर्यंत गेटवर उभ्या. सपोर्टचं उत्तर, “मॅडम, नव्या आवृत्तीत ते असंच आहे.” पुढे आणखी काय बदलणार असं विचारलं तर “ते गोपनीय आहे.” आता तोच विक्रेता तीन वर्षांचा करार पुढे करतो आहे. महिनाअखेरपर्यंत सही केली तर घसघशीत सवलत. शिवाय, हीट नंबरनुसार, म्हणजे धातू वितळवलेल्या घाण्याच्या क्रमांकावरून, कास्टिंगचा (ओतलेल्या भागाचा) माग काढायची सोय पुढच्या आवृत्तीत येते आहे, पण आत्ता दाखवता येत नाही, असं तोंडी आश्वासन. मालक सही करायच्या बेतात आहेत. ताई विचारतात, “जे आमच्यापासून एवढं लपवतात, त्यांच्यावर तीन वर्षं विश्वास कसा ठेवू? सगळं परत आपल्या सर्व्हरवर आणू का? की लिंक्डइनवर जाहीर लिहू?”

उत्तर

ताई, गाडी गेटवर अडकली की सॉफ्टवेअर कंपनीला कोणी फोन करत नाही, तुम्हालाच करतात. तुमचा राग रास्त आहे. पण त्या रागात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय कराराचं काय करायचं ते ठरणार नाही. पुढे काय येणार हे न सांगणं, ही एक. आज तुम्ही जे वापरताय तेच बदलायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही दुसरी. पहिलीसाठी भांडण्यात फारसा अर्थ नाही. दुसरीसाठी जरूर भांडा, आणि लेखी भांडा.

भविष्याबद्दल कंपन्या तोंड बंद ठेवतात त्यामागे दरवेळी लबाडीच असते असं नाही. संगणकाच्या धंद्यात ऑस्बोर्न कंपनीची गोष्ट अजून सांगितली जाते. उचलून नेता येईल असा संगणक १९८१ मध्ये बाजारात आणून या अमेरिकी कंपनीने नाव कमावलं. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा वेळेआधीच सुरू झाली, दुकानदारांनी आहे त्या मॉडेलच्या ऑर्डरी थांबवल्या, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बुडायला इतरही कारणं होती, पण विक्री विभागांनी त्यातून एवढंच उचललं की उद्याचा माल आज दाखवला तर आजचा खपत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं आहे, आणि ग्राहकाला ते सहसा कोणी सांगत नाही. करारात एखादी ठरावीक नवी सोय द्यायचं वचन दिलं, तर ते वचन स्वतंत्रपणे विकलेली वस्तू धरलं जातं, आणि तिच्या वाट्याचे पैसे ती सोय प्रत्यक्ष दिल्याशिवाय उत्पन्नात दाखवता येत नाहीत. आपल्याकडच्या मोठ्या आणि सूचिबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखा मानकात हेच आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानकातही. म्हणून प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यातल्या कशावरही विसंबून खरेदी करू नका. ती स्लाइड दोन सेकंदांत पुढे सरकते, आणि विक्रीचा माणूस पुढचा तासभर तुम्ही विसंबावं म्हणूनच बोलत राहतो.

सुरक्षेतल्या त्रुटी दुरुस्ती तयार होईपर्यंत गुप्त ठेवाव्याच लागतात. त्यावर वाद नको.

तरीही गुप्ततेची किंमत शेवटी ग्राहकच मोजतो, हेही खरं. ॲपलने ५ नोव्हेंबर २०१० ला जाहीर केलं की त्यांचा ‘एक्ससर्व्ह’ हा रॅकमध्ये बसणारा सर्व्हर ३१ जानेवारी २०११ नंतर विकला जाणार नाही. ज्यांच्या सर्व्हर रूममध्ये ही यंत्रं रांगेने लागली होती, त्यांना नवं काही ठरवायला पुरते तीन महिनेही मिळाले नाहीत. गंमत म्हणजे याच कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये मोजक्या पत्रकारांना बोलावून सांगितलं की नवा ‘मॅक प्रो’ नव्याने घडवतोय, पण तो या वर्षी येणार नाही. तो आला डिसेंबर २०१९ मध्ये. गुप्ततेसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीलाही, त्या यंत्रावर पोट असलेले ग्राहक अस्वस्थ झाल्यावर, अडीच वर्षं आधी तोंड उघडावं लागलं. ‘आमचं धोरणच असं आहे’ हे वाक्य ऐकून गप्प बसू नका, ते यासाठी.

आता तुमच्या त्या कॉलमकडे येऊ. एक प्रश्न विचारते, तो टोचेल. कळवलं नव्हतंच, याची खात्री केलीत का? तुमच्यासारख्या कारखान्यांनी सॉफ्टवेअर घेतलेलं असतं स्थानिक पार्टनरकडून, आणि नोंदणी करताना पार्टनरच्या पोराने सोयीसाठी स्वतःचाच ई-मेल टाकलेला असतो. नाहीतर तिथे तुमच्या आधीच्या आयटीवाल्याचा पत्ता असतो, आणि तो केव्हाच पुण्याला नोकरीला गेलेला. सूचना येतात, पण कोणी न बघणाऱ्या डब्यात पडतात. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या ई-मेल सेवेतली लॉगिनची जुनी पद्धत बंद करणार असं २०१९ मध्येच सांगितलं होतं आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद करायला घेतली. एवढी तीन वर्षं हाताशी असूनही कित्येक ऑफिसांत जुनी मेल ॲप्स बंद पडली तेव्हाच लोकांना कळलं. तिथे गुप्तता नव्हती, वाचणारं कोणी नव्हतं.

तेव्हा विक्रेत्याला जाब विचारायच्या आधी त्यांच्या पोर्टलवर तांत्रिक संपर्क म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. तिथे व्यक्तीचा नव्हे, विभागाचा पत्ता द्या, जो तुम्हा दोघांनाही दिसेल. प्रत्येक आवृत्तीसोबत ‘रिलीज नोट्स’, म्हणजे काय बदललं याची टिपणं, निघत असतील तर त्या वाचायचा वार ठरवा आणि ते काम त्या मुलाच्या नावावर लिहून द्या. तरीही त्या बदलाचा उल्लेख कुठेच सापडला नाही, तर तुमची बाजू भक्कम झाली. सापडला, पण ‘रिपोर्ट अधिक सुटसुटीत केला’ अशा गुळमुळीत ओळीत, तरीही तुमचीच बाजू भक्कम. काय काढून टाकलं हे न सांगणारी नोट मी तरी सूचना मानत नाही.

सूचना मिळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, बदल आपल्याकडे कधी येणार हे ठरवता येणं. इथे १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले ते त्याच दिवशी. त्या ग्राहकांपैकी अनेकांनी ‘आम्हाला नवी आवृत्ती लगेच नको, एक पाऊल मागची द्या’ अशी सेटिंग करून ठेवली होती. ती सेटिंग लागू होती मुख्य सॉफ्टवेअरला. हल्ले ओळखायच्या माहितीच्या ज्या छोट्या फाइली दिवसातून अनेकदा यायच्या, त्यांना ती लागूच नव्हती, आणि घात केला तो तशाच एका फाइलने. त्यानंतर कंपनीने या फाइलीही कधी घ्यायच्या ते ठरवायची मुभा ग्राहकांना दिली. म्हणून ‘अपडेट पुढे ढकलता येतं का’ एवढंच विचारून थांबू नका. कोणकोणत्या प्रकारचे बदल येतात आणि त्यातले कोणते आपल्याला थोपवता येत नाहीत, त्याची यादी मागा.

चांगल्या विक्रेत्यांकडे याची सोय असते. ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं क्लाउड सॉफ्टवेअर देणारं सेल्सफोर्स वर्षातून तीन मोठ्या आवृत्त्या काढतं, त्यांच्या तारखा आधी जाहीर असतात आणि काही आठवडे अगोदर चाचणीच्या प्रतीवर नवी आवृत्ती बघता येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये निवडक लोकांनाच बदल आधी दाखवता येतात. तुमच्या विक्रेत्याकडे असं काही आहे का, असल्यास ते तुमच्या प्लॅनमध्ये येतं का, हे विचारा. जमल्यास एवढं तरी कबूल करून घ्या की मार्चअखेर आणि महिन्याच्या ११ व २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीची रिटर्न भरायची असतात तेव्हा, रिपोर्टांना हात लावायचा नाही.

आणि ती एक्सेल शीट. तिसरा कॉलम म्हणजे वाहन क्रमांक, पाचवा म्हणजे एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड), असं गृहीत धरून ती लिहिली असेल, तर ती आज ना उद्या मोडणारच होती. कॉलमच्या जागेवरून नव्हे, शीर्षकावरून माहिती उचलायची आणि शीर्षक सापडलं नाही तर पुढे न जाता ओरडायचं, एवढं त्या मुलाकडून करून घ्या. त्याने बदल टळत नाही, पण सोमवारी सकाळी आठला कळतं, पहिली गाडी भरायच्या आत. विक्रेता एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून थेट माहिती घ्यायची सोय, देत असेल आणि तिच्या जुन्या आवृत्त्या किती काळ चालू ठेवणार हे लिहून देत असेल, तर ती वाट जास्त भरवशाची.

आपल्या सर्व्हरवर परत यायचा विचार मोहाचा आहे. पेटी आपल्या खोलीत असली की मन शांत असतं, हे मला कबूल. पण पेटीवर जे चालतं तेही कोणाच्या तरी मर्जीवरच असतं. सेंटओएस ८ ही फुकट मिळणारी लिनक्स अनेकांनी निवडली ती २०२९ पर्यंत आधार मिळणार म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो आधार २०२१ संपताच थांबेल. सात वर्षांहून जास्त आधार एका घोषणेत गेला. ब्रॉडकॉम या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणं बंद करून सगळ्यांना वर्गणीकडे वळवलं. ज्यांचे सर्व्हर स्वतःच्याच खोलीत होते, त्यांनाही नूतनीकरणाच्या वेळी नवी गणितं मांडावी लागली. शिवाय दोन माणसांच्या विभागाने बॅकअप, पॅच आणि रात्री-अपरात्रीचा वीजपुरवठा सांभाळायचा, हे तुम्हाला झेपेल का ते तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवा. माझं मत विचाराल तर नको. मात्र रोजचा डेटा आपल्या ताब्यात उतरवून घेणं आजच सुरू करा, आणि त्या फाइली दुसऱ्या कशात तरी उघडून बघा. उघडत नसतील तर तो बॅकअप नव्हे.

आता करार. विक्रेत्याच्या छापील अटींत बहुधा एक वाक्य असेल, की सेवेचं स्वरूप आणि संकेतस्थळावरच्या अटी आम्ही वेळोवेळी बदलू शकतो. ते खोडायला तुमच्या आकाराच्या ग्राहकाला कोणी देणार नाही. पण ऑर्डर फॉर्मला जोडपत्र लावता येतं, आणि ‘दोन्हींत विसंगती असल्यास हे जोडपत्र ग्राह्य’ अशी ओळ घालता येते. त्या जोडपत्रात तुम्ही आज जे रिपोर्ट, स्क्रीन आणि जोडण्या वापरता त्यांची नावं तारखेसह लिहा. त्यांतलं काही काढायचं किंवा बदलायचं असेल तर ९० दिवस आधी लेखी सूचना. ती न देता काढलं, किंवा पर्याय न देता काढलं, तर उरलेल्या मुदतीचे पैसे परत घेऊन बाहेर पडायची मुभा. नूतनीकरणाच्या वेळी दरवाढीला कमाल मर्यादा. बाहेर पडताना सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत. ९० ला ते ३० म्हणतील. ६० वर मिटलं तरी चालेल. शून्यावर मिटवू नका.

मालकांना हे तांत्रिक नखरे वाटले तर कायद्याच्या बाजूने सांगा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवायची असते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. उद्या विक्रेत्याने लॉग ठेवायची मुदत गुपचूप कमी केली किंवा माग ठेवायची सेटिंग हलवली, तर ऑडिटर प्रश्न विचारणार तुमच्या कंपनीला. मग ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर कोणाला द्यायचं?

हीट नंबरचं आश्वासन हा या व्यवहारातला सगळ्यात कच्चा भाग आहे. ती सोय तुम्हाला का हवी हे मला कळतं. वाहन कंपनीकडून एक कास्टिंग परत आलं की ते कोणत्या हीटचं, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याच्या तपासणीचा) कुठे, त्याच हीटचे बाकीचे नग कोणाकोणाला गेले, हे तासाभरात सांगावं लागतं, आणि आज तुमच्याकडे ते रजिस्टर चाळून सांगतात. पण जी गोष्ट दाखवताही येत नाही, तिचे पैसे तीन वर्षं आगाऊ का द्यायचे? विक्रीच्या माणसाला सरळ विचारा, “गोपनीयतेच्या करारावर आम्ही सही करतो, मग दाखवाल?” अशा सहीला घाबरू नका. त्यात आपण फक्त एवढंच कबूल करतो की बघितलेलं बाहेर सांगणार नाही. खरंच काही तयार असेल तर ते दाखवतील, चाचणीसाठी तुमच्या एका हीटचा डेटाही मागतील. नुसतेच हसले, तर समजायचं ते समजा.

दाखवल्यावरही ते लेखी, तारखेसह द्यायला ते कचरतील, आणि का कचरतील ते वर आलंच आहे. त्याला एक उपाय आहे. वचन मागू नका, सुटका मागा. ‘अमुक तारखेपर्यंत ही सोय आमच्या प्लॅनमध्ये चालू झाली नाही, तर आम्ही दंड न भरता करार संपवू शकतो.’ याला विक्रेत्याचा वकील सहजी हो म्हणेल असं नाही, पण त्याचा नकारही तुम्हाला बरंच काही सांगेल. तुलना करताना त्या सोयीची किंमत शून्य धरा. ती नाहीच असं मानून, आज जे आहे तेवढ्यावर, हे सॉफ्टवेअर तीन वर्षं घ्यावंसं वाटतं का?

लिंक्डइनचं म्हणाल, तर सही व्हायच्या आधी नको, आणि मालकांना न विचारता कधीच नको. एकटीची पोस्ट चार दिवस फिरते आणि सपोर्टवाला तुमचं तिकीट मुद्दाम शेवटी उघडतो. त्यापेक्षा तुमच्याच वसाहतीत हेच सॉफ्टवेअर वापरणारे आणखी कोण आहेत ते शोधा. पार्टनर सांगणार नाही, पण त्याच्याकडून येणारा इंजिनीअर चहा पिताना हमखास सांगतो. एसएपी या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने २००८ मध्ये सगळ्या ग्राहकांना महागड्या सपोर्टवर न्यायचं ठरवलं होतं, परवान्याच्या किमतीच्या १७ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २२ टक्क्यांवर. वापरकर्त्यांच्या संघटना हटून बसल्या आणि जानेवारी २०१० मध्ये कंपनीने स्वस्त पर्याय परत आणला. तुम्ही आठ-दहा कारखाने मिळून जर्मनी हलवणार नाही, पण पार्टनरला नक्की हलवाल. रिपोर्टांतले बदल आधी कळवा, एवढी एक मागणी दहा लेटरहेडांवर गेली की ती विक्रेत्याच्या प्रॉडक्ट मॅनेजरपर्यंत पोचते.

मालकांशी बोलायला जाल तेव्हा ‘हे लोक लपवतात’ असं म्हणू नका, ती भावना झाली. त्या सोमवारी किती गाड्या थांबल्या, भाड्याच्या गाडीचं वेटिंग किती द्यावं लागलं, कोणत्या ग्राहकाची खेप उशिरा पोचली आणि त्याने त्याबद्दल काय लिहिलं, असा एक कागद करून न्या. शेजारी सवलतीचा आकडा लिहा. गेल्या वर्षभरात असे न सांगितलेले बदल आणखी झाले असतील तर तारखा शोधा, सपोर्टच्या तिकिटांत सापडतील.

महिनाअखेरीची घाई विक्रीच्या माणसाची आहे, त्याला टार्गेट पूर्ण करायचं असतं. तुमच्या सध्याच्या कराराची मुदत कधी संपते ते आधी बघा. ती दोन-तीन महिने दूर असेल तर हे जोडपत्र आजच पाठवा आणि उत्तर येईपर्यंत सही थांबवा. मान्य झालं तर तीन वर्षं घ्या, सवलतीसकट. नाही झालं तर एकाच वर्षाचं नूतनीकरण करा, सवलत जाईल ती जाऊ द्या. हीट नंबरसाठी दुसऱ्या दोन विक्रेत्यांचे डेमो या महिन्यातच लावा, आणि त्यांना प्रेझेंटेशन आणू नका म्हणून सांगा. तुमच्या एका जुन्या परत आलेल्या कास्टिंगचा नंबर द्या आणि स्क्रीनवर माग काढून दाखवायला लावा.